तंबूची जागा भरतीच्या वेळी बघायची

पुण्यातून कोकणात घरगुती ट्रिपा लावून देणं हे माझं काम, आणि हल्ली कुत्रं बरोबर न्यायचंय म्हणणारी कुटुंबं खूप वाढलीयेत त्यामुळे बऱ्याचशा चौकशा तशाच येतात. ही जानेवारीतली केस. कोथरूडची फॅमिली, दोन पोरं, त्यातलं एक नुकतं धावायला लागलेलं, गुडघे दुखणाऱ्या आजी, आणि चिकू नावाचा नऊ वर्षांचा देशी कुत्रा, रस्त्यावरून उचलून घरी आणलेला आणि फटाक्याच्या आवाजाला प्रचंड घाबरणारा. चौकशी करणाऱ्या ताईंचं म्हणणं एकच होतं, हॉटेल नको, तंबू हवा, आणि तंबूतून बाहेर पाय टाकला की वाळू लागली पाहिजे. दापोली तालुक्यातल्या एका जागेचे फोटोही त्यांनी पाठवले होते, निळा समुद्र, सुरूचं बन, पुढे ओळीत पांढरे तंबू. फोटो खरंच सुंदर होते.

पण फोटो बघून मी बुकिंग करत नाही, जाऊन बघते, आणि रेकी मुद्दाम पौर्णिमा नाहीतर अमावास्येच्या जवळपास ठेवते कारण तेव्हा उधाण असतं, पाणी सगळ्यात वर येतं. वेळ काढायचा कोकणातला जुना हिशोब आहे, तिथीच्या आकड्याची पाऊणपट करायची, जे येईल त्या सुमाराला पूर्ण भरती. चतुर्दशी होती, १४ ची पाऊणपट साडेदहा. म्हणून पहाटे चारला निघाले, ताम्हिणी, माणगाव, आंबेत, मंडणगड करत बरोबर भरतीला किनाऱ्यावर पोचले. फोटोतली ती रुंद वाळू तेव्हा जवळजवळ सगळी पाण्याखाली होती. आपण फोटो बघतो ते ओहोटीचे असतात हे लोकांच्या लक्षातच येत नाही. लाटा तंबूंपर्यंत येत नव्हत्या हे खरं, पण शेवाळ, शिंपल्या आणि प्लास्टिकची ती भरतीची रेघ तंबूंपासून सात-आठ पावलांवर होती, आणि धावतं पोर घेऊन तिथे रात्र काढायची म्हणजे आईबापांनी झोपायचंच नाही.

मॅनेजर उत्साही होता. पेट फ्रेंडली का विचारलं तर म्हणाला, "एकदम, मॅडम. कुत्रा मोकळा सोडा, रात्रभर फिरू दे, कोणी काही बोलणार नाही." मी विचारलं कुंपण आहे का, नाही. गावातली कुत्री येतात का, येतात. संध्याकाळी स्पीकर किती वाजेपर्यंत, तर "पार्टी असेल तोपर्यंत." दापोलीत कुत्र्यांचा डॉक्टर कोण ते त्याला माहीत नव्हतं. विंचू-साप चावला तर कुठे नेणार यावर तो नुसता हसला. हा हसण्याचा प्रश्न नाहीये. लाल विंचू कोकणात आहे, लहान मुलाला त्याचा दंश जिवावर बेतू शकतो, आणि ज्या औषधाने मृत्यू कमी झाले त्या प्राझोसिनवरचं काम याच पट्ट्यात, महाडला बसून डॉ. हिम्मतराव बावस्करांनी केलंय. म्हणजे उपचार आहे, फक्त वेळेत गाठता आला पाहिजे, आणि त्यासाठी रात्री गाडी आणि ड्रायव्हर जागेवर लागतो.

बोलत बोलत आम्ही शेवटच्या तंबूमागे गेलो तर तिथे एक माणूस उकिडवा बसला होता, हातात वही. वनखात्याबरोबर काम करणारा कासवमित्र. त्याच्यासमोर वाळूत खड्डा उकरलेला आणि सभोवार अंड्यांची टरफलं, चेपलेल्या पिंगपाँगच्या चेंडूंसारखी, काही अजून ओली. ऑलिव्ह रिडले या समुद्री कासवाचं घरटं होतं. मादी रात्री येऊन घालून गेली आणि हा पहाटेच्या गस्तीला पोचायच्या आत कुत्र्यांनी उकरलं. एका घरट्यात साधारण शंभर अंडी असतात, त्यातली वीसेक त्याने बादलीत वाचवून ठेवली होती, हॅचरीत, म्हणजे अंडी राखायच्या कुंपणात पुरायला, उरलेली गेली. मी बराच वेळ काही बोललेच नाही. इतक्या वर्षांत किनाऱ्यावर इतकी फिरले पण फुटलेलं घरटं पहिल्यांदाच बघत होते.

मॅनेजर लगेच म्हणाला गावातली कुत्री असतील, पाहुण्यांची नाही. कासवमित्र शांतपणे म्हणाला, "असतील दादा. पायाच्या ठशावर मालकाचं नाव नसतं." मग मला म्हणाला, "ताई, तुमी ही भरतीची रेघ बघा आणि हे सुरू बघा. याच्या मधली जी कोरडी पट्टी आहे ना, कासवाला अंडी घालायला तीच लागते. आणि तंबूवाल्यांनापण तीच लागते." 

हे ऐकल्यावर मला त्या जागेबद्दल आणखी काही विचारायचं राहिलंच नाही. नोव्हेंबर ते मार्च हा विणीचा काळ, म्हणजे आपल्या लोकांचा कोकणात जायचा सीझन तोच. त्यात रात्रभर हॅलोजन, आणि पिल्लं तर बाहेर आली की उजेडाकडे जातात, समुद्र मागेच राहतो. मंडणगड तालुक्यातल्या वेळासला २००२ पासून भाऊ काटदरे आणि त्यांच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेच्या लोकांनी गावकऱ्यांना बरोबर घेऊन कासवं वाचवायचं हे काम उभं केलं, मग ते बाकीच्या गावांत पसरलं, आणि आपण दोन रात्रींच्या मजेसाठी तिथे कुत्रं मोकळं सोडायचं? चिकू गुणी आहे, पण उकरणं हा कुत्र्याचा स्वभावच आहे, त्याला कोण दोष देणार. शिवाय जवळच रापणीतला, म्हणजे किनाऱ्यावर ओढलेल्या जाळ्यातला, टाकून दिलेला केंड मासा पडला होता, तो विषारी असतो, कुत्र्याने खाल्ला तर उतारा नाही. तोही मी मॅनेजरला दाखवला.

दुपारी दुसरी जागा बघितली, किनाऱ्यापासून पाच-सात मिनिटं आत, नारळी-पोफळीची वाडी, चारही बाजूंनी चिऱ्याचा गडगा आणि बंद होणारं बेडं, म्हणजे फाटक. काका-काकू स्वतः तिथेच राहतात. इथून समुद्र दिसत नाही, नुसता आवाज येतो. पण काकूंनी मलाच प्रश्न विचारले, कुत्रा मांजराच्या मागे लागतो का, आजींना कमोड लागेल ना, लहानग्याला तिखट चालतं का. तिथेच माझं अर्धं ठरलं. अडचणी तिथेही होत्याच. तंबू माडाखाली लावलेले, आणि नारळ काय, झाप जरी डोक्यात पडला तरी संपलं. विहिरीचा कठडा गुडघ्याएवढा. शेजारी गोठा, म्हणजे गोचीड आलीच. काका म्हणाले तंबू आंब्याखाली हलवतो, पाडेली बोलावून वाटेवरचे नारळही उतरवून घेतो, आणि विहिरीवर जाळी तर मी तिथे असतानाच मोजायला घेतली. रात्री काही झालं तर त्यांची गाडी दारात असते आणि दापोलीच्या जनावरांच्या डॉक्टरांचा नंबर त्यांच्या भिंतीवरच लिहिलेला होता.

ताईंना फोन केला तर आधी नाराजच झाल्या. "म्हणजे वाळू नाहीच?" मी सगळं सांगितलं, घरट्याचा फोटो पाठवला. पाच मिनिटांनी त्यांचाच फोन, आवाज बदललेला. मग आम्ही बसून ठरवलं, निघायच्या आधी चिकूला गोचिडीचं औषध, किनाऱ्यावर फक्त दिवसा आणि गळ्यात पट्टा बांधूनच, सकाळी कासवमित्रांची गस्त संपल्यावर, ओहोटीच्या ओल्या वाळूवरून चालायचं म्हणजे पायही भाजत नाहीत, आणि समुद्राचं पाणी पिऊ नये म्हणून प्यायचं पाणी बरोबर न्यायचं. आजींसाठी रिक्षा थेट पुळणीपर्यंत जाते ते काकांनी सांगितलं.

थोरल्याने मागून विचारलं पिल्लं बघायला मिळतील का. आत्ताच्या घरट्यांतली पिल्लं पन्नासेक दिवसांनी बाहेर येतात, म्हणजे मार्च. त्या तारखांसाठी काकूंना विचारून ठेवलंय, आणि हॅचरीवर जायच्या वेळी चिकूपाशी कोण थांबणार ते त्यांनी घरात आपापसात ठरवून मला कळवायचं, तेवढं बाकी आहे.