सर, तालुकाच येत नाहीये

जुलै २०१८ चा शेवटचा आठवडा. क्रोम ब्राउझरची ६८ नंबरची आवृत्ती २४ तारखेपासून यायला लागली आणि एचटीटीपीवरच्या, म्हणजे वाटेत कोणालाही वाचता-बदलता येईल अशा उघड्या जोडणीवरच्या, प्रत्येक साईटपुढे 'नॉट सिक्योर' दिसायला लागलं. मी ज्या कॉलेजची साईट सांभाळतो तिथल्या प्राचार्यांचा लगेच फोन, की पालक विचारतायत आपली साईट सुरक्षित नाही का, आणि इकडे ऐन अ‍ॅडमिशन चालू आहेत. बरोबरच होतं त्यांचं. रात्री बसून लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेचं फुकट मिळणारं, सुरक्षित जोडणीसाठी लागणारं सर्टिफिकेट टाकलं, येणाऱ्या प्रत्येकाला आपोआप एचटीटीपीएसवर, म्हणजे त्या कुलूपबंद जोडणीवर, नेणारा रीडायरेक्ट लावला, फॉर्म भरून बघितला, चालला, झोपलो.

सकाळी सव्वादहाला ऑफिसातल्या भाऊसाहेबांचा फोन. "सर, जिल्हा निवडला तरी तालुकाच येत नाहीये, पंधरा-वीस पोरं उभी आहेत." मी माझ्या लॅपटॉपवर बघतो तर यादी व्यवस्थित येतेय. म्हटलं कॅशे, म्हणजे ब्राउझरने साठवलेली जुनी पानं, क्लिअर करा, केली, दुसऱ्या मशीनवर बघा, बघितलं, मोबाईलवर बघा, तिथंही तेच. यात तासभर गेला आणि तो तास मला अजून टोचतो, कारण तालुका भरल्याशिवाय फॉर्म पुढे सरकत नव्हता आणि पोरं लांबलांबच्या वाड्यांवरून एसटीने आलेली, परतीची गाडी चुकली की संध्याकाळपर्यंत स्टँडवर बसा.

शेवटी मी इनकॉग्निटो, म्हणजे आधीचं काही लक्षात न ठेवणारी, विंडो उघडली. तालुका रिकामा! ब्राउझर चुका दाखवतो तो कन्सोल उघडला तर लाल ओळी, 'मिक्स्ड कंटेंट', पान एचटीटीपीएसवर आहे पण स्क्रिप्ट, म्हणजे पानात चालणारा छोटा प्रोग्राम, एचटीटीपीवरून मागितली म्हणून ब्लॉक केली. मग आठवलं. रात्री टेस्ट करताना अ‍ॅड्रेस बारच्या उजव्या टोकाला ढालीचं चिन्ह आलं होतं, मी ते दाबून 'लोड अनसेफ स्क्रिप्ट्स' केलं होतं, आधी चालतंय का बघू म्हणून, आणि तोच टॅब सकाळपर्यंत उघडा होता. म्हणजे ब्राउझरने रात्रीच मला अडवून सांगितलं होतं आणि मी त्याला बाजूला सारून त्याच टॅबमध्ये सगळं ठीक आहे म्हणत बसलो होतो.

फसायला अजून एक कारण होतं. कॉलेजच्या इमारतीचा फोटो, बोधचिन्ह, सूचनांमधली चित्रं, हे सगळंही एचटीटीपीवरूनच येत होतं, पण चित्रं तेव्हा क्रोम अडवत नसे, फक्त पत्त्याशेजारचं कुलूप जाऊन तिथं वर्तुळातलं इंग्रजी 'i' अक्षर यायचं. त्यामुळे पान वरून छान दिसत होतं. स्क्रिप्टचं तसं नाही. वाटेत कोणी फोटो बदलला तर चुकीचा फोटो दिसेल, पण स्क्रिप्ट बदलली तर ती त्या पानात काहीही करू शकते, पोरीचा मोबाईल नंबर, जन्मतारीख, आधार, जे जे टाइप होतंय ते वाचून दुसरीकडे पाठवू शकते, आणि पान नेहमीसारखंच दिसत असल्याने सहसा कोणाला शंकाही येणार नाही. आणि हे काही लांबचं नाही, २०१५ मध्ये बंगळुरूच्या एका डेव्हलपरने दाखवून दिलं होतं की एका मोठ्या मोबाईल कंपनीच्या थ्रीजीवर एचटीटीपीची पानं उघडली की वाटेतच त्यांत बाहेरची स्क्रिप्ट घुसवली जात होती. आमची निम्मी पोरं मोबाईलच्या नेटवरच फॉर्म भरतात.

दुरुस्ती तशी सोपी निघाली. जेक्वेरी नावाच्या तयार स्क्रिप्टची लिंक एचटीटीपीने लिहिलेली, ती एचटीटीपीएस केली. तरी तालुका येईना, कारण यादी ज्या पत्त्यावरून मागवायची तो पत्ताच कोडमध्ये पूर्ण एचटीटीपीसकट लिहिलेला, माझ्याच हाताने, चार वर्षांपूर्वी. तो बदलला. मग सगळ्या फाईलींत एचटीटीपी शोधून एकेक लिंक तपासली. बाराच्या सुमाराला भाऊसाहेब फोनवरच म्हणाले, "आले, आले, सगळे तालुके आले," आणि मागून पोरांचा गलका ऐकू आला.

पण दुपारी परत फोन. ऑफिसचं एक वेगळं पान होतं, त्यात फीच्या पावतीचा नंबर टाकला की कॉलेजातल्याच एका कॉम्प्युटरला विचारून पैसे जमा झालेत का ते कळायचं. त्या कॉम्प्युटरचा पत्ता १९२.१६८ ने सुरू होणारा, आतल्या नेटवर्कचा, आणि असल्या पत्त्याला लेट्स एन्क्रिप्टच काय, बाहेरची कुठलीच संस्था सर्टिफिकेट देत नाही. इथं नुसतं एक अक्षर वाढवून भागणार नव्हतं. पावसात गाडी काढली आणि कॉलेजात गेलो.

ऑफिसात पाऊल टाकलं तर तिन्ही मॉनिटरवर सेलोटेपने कागद चिकटवलेले. लॅबमधल्या हुशार पोराने निळ्या पेनाने लिहिलेलं, 'उजवीकडची ढाल दाबा, लोड अनसेफ करा, पावती दिसेल.' खाली बाणसुद्धा काढलेला. पोराने चांगल्या मनाने केलं होतं, रांग थांबू नये म्हणून, पण मला ते बघून धस्स झालं. रात्री मी जे एकदा केलं तेच आता तीन टेबलांवर दिवसभर, दर फॉर्मला होणार होतं, आणि उद्या खरंच कुठली वाईट स्क्रिप्ट आली तरी हात सवयीने ढालीकडेच गेला असता.

मी भाऊसाहेबांना समोर बसवून समजावलं. मग ठरलं की त्या पानाने आतल्या कॉम्प्युटरला काही विचारायचंच नाही, पावत्यांची फाईल सकाळी आणि संध्याकाळी साईटवर अपलोड करायची आणि पानाने तिथूनच बघायचं. काम एक वाढलं. भाऊसाहेब जरा नाराज झाले, म्हणाले, "सर, ढाल दाबली की लगेच दिसतंय की." मी म्हटलं, "भाऊसाहेब, त्या पोरांचे आधार नंबर आहेत त्यात." ते गप्प झाले. मग स्वतःच उठले, तिन्ही कागद काढले, मागच्या कोऱ्या बाजूवर अपलोडच्या दोन वेळा लिहिल्या, साडेदहा आणि साडेपाच, आणि त्याच सेलोटेपने परत चिकटवले.