वावरातल्या रास्पबेरी पायचा क्रॅश लॉग हाती लागला

मोटरीच्या खोलीतला रास्पबेरी पाय ३ हा छोटा संगणक (विहिरीची पातळी आणि कपाशीतला ओलावा टिपणारा) भर दुपारी बंद पडतो, हे मागच्या नोंदीत लिहिलं होतं. जर्नलमध्ये, म्हणजे सिस्टमच्या नोंदवहीत, काही सापडेना. कर्नल पॅनिक झाला, म्हणजे लिनक्सचा गाभाच (कर्नल) कोसळला, की मेमरी कार्डावर लिहिणारंच कोणी उरत नाही, शेवटच्या ओळी रॅममध्येच राहतात.

म्हणून आधी रॅमऊप्स लावलं, म्हणजे पॅनिकचा लॉग रॅममध्ये जपणारी कर्नलची सोय. पायच्या कॉन्फिग फाईलमध्ये ओव्हरलेची एक ओळ टाकली की रॅमचा छोटा तुकडा राखीव होतो. पॅनिकच्या वेळी लॉग तिथं उतरतो आणि रीबूटनंतर सिस्टमडी-पीस्टोअर ही सेवा तो उचलून कार्डावर ठेवते. सोबत कर्नल.पॅनिक=१० (पॅनिकनंतर १० सेकंदांनी रीबूट) हवंच, ० असेल तर मशीन आपणहून उठत नाही. सिसआरक्यू-ट्रिगर या कर्नलच्या फाईलमध्ये 'सी' लिहून मुद्दाम पाडलं, तर उठल्यावर डीमेसेज-रॅमऊप्स-० ही फाईल हजर! फार आनंद झाला.

पण आमच्या यवतमाळकडे तेवढ्यानं भागत नाही. रॅमऊप्स टिकतं ते वीज चालू राहून रीबूट झाला तरच. लाईट गेली की रॅम कोरी, आणि उन्हाळ्यात लाईटचा काय भरवसा? नेटकन्सोल (लॉग नेटवर्कवरून पाठवण्याची सोय) बहुतेक वायफाय ड्रायव्हरवर चालत नाही. मग सिरीयल कन्सोल चालू केला, म्हणजे कर्नलचा लॉग तारेवरून बाहेर: पायच्या जीपीआयओ १४ या पिनेवरून यूएसबी-सिरीयल वायर थेट जुन्या लॅपटॉपला, वेग ११५२०० बॉड, मिनिकॉम या प्रोग्राममध्ये कॅप्चर चालू. लॅपटॉपला स्वतःची बॅटरी आहे, म्हणून लाईट गेली तरी लॉग शाबूत. अडॅप्टर ३.३ व्होल्टचाच घ्या, ५ व्होल्टचा पायच्या पिना जाळू शकतो.

खरी गंमत लॉग शेजारी शेजारी ठेवल्यावर आली. माझा संशय उन्हावर होता, पारा ४५ला टेकतो इथं. पण तापून बिघडलं असतं तर बहुधा दर वेळी वेगळीच जागा दिसली असती. इथं प्रत्येक ट्रेसमध्ये (कोसळताना कोड कुठं होता त्याची नोंद) नल पॉइंटर (रिकामा पत्ता वापरल्याची चूक), तेच फंक्शन, तोच ऑफसेट (फंक्शनमधली जागा). लॉगमधल्या 'टेंटेड' या शब्दापुढे 'ओ', म्हणजे कर्नलबाहेरचा मॉड्यूल (कर्नलला वरून जोडलेला कोडचा तुकडा) लोड आहे. तसा माझ्याकडे एकच, वायफाय डोंगलचा.

तो काढून कर्नलमध्येच ड्रायव्हर असलेलं डोंगल बसवलंय. जुन्या मॉड्यूलची केओ फाईल (बांधून तयार झालेला मॉड्यूल) मात्र लॉगसोबतच जपून ठेवली आहे. मॉड्यूल नव्यानं बांधला (कंपाइल केला) की ऑफसेट बदलू शकतात, मग जुना ट्रेस कुठल्या ओळीचा ते सापडत नाही. आता त्या ऑफसेटवरून जीडीबी या डीबगरनं कोडची नेमकी ओळ काढायला घेतोय.