कोंगडोरीवर जेवायला थांबताना

इंदूरहून गुलमर्गला स्कीइंगसाठी निघणाऱ्यांच्या चौकश्या जॅकेट आणि शिकवणारा यांच्यापाशी संपतात. दुपारच्या जेवणाचं कोणी विचारत नाही, आणि बऱ्याच वेळा दिवस तिथेच बिघडतो. पदार्थांमुळे कमी, बूट-हातमोज्यांमुळे जास्त.

गोंडोलाचा, म्हणजे तिथल्या केबल कारचा, पहिला टप्पा १९९८ पासून चालू आहे. तो सोडतो ते कोंगडोरी, सुमारे ३,१०० मीटरवर. स्कीवाले आणि नुसते बर्फ बघायला आलेले, सगळे तिथेच जेवतात. दीड वाजता खुर्ची शोधणं म्हणजे रविवारी सकाळी नऊला पोहे-जिलेबीच्या गाडीपुढे जागा शोधणं. साडेअकराला बसा, नाहीतर थेट दोननंतर. मी साडेअकराच्या बाजूचा: वारा वाढून वरचा टप्पा बंद झाला की तिकडची सगळी मंडळी इथेच उतरतात.

आत शिरण्याआधी स्की नीट लावा. दोन्ही तळाला तळ लावून, मागची टोकं वीतभर बर्फात खुपसून उभ्या करा आणि काठ्यांचे पट्टे पुढच्या टोकांत अडकवा. आडव्या टाकलेल्या स्की घसरत सुटल्या तर खालच्याच्या पायावर जातात. भाड्याच्या स्की सगळ्या सारख्याच दिसतात, म्हणून घरून रंगीत नाडी न्या आणि बाइंडिंगला, म्हणजे बूट स्कीवर अडकतो त्या खटक्याला, बांधा. त्याहून पक्का उपाय: तुमची एक आणि सोबत्याची एक अशी विजोड जोडी दोन ठिकाणी ठेवायची. चुकूनही कोणी उचलत नाही. जागा शक्यतो सावलीतली बघा. उन्हात तापलेल्या तळाला बर्फ वितळून चिकटतो आणि जेवून निघालात की स्की पुढे सरकतच नाही.

बूट काढू नका. सगळ्या क्लिपा आणि वरचा वेल्क्रोचा पट्टा सैल करा, तेवढं पुरे. पाय मोकळा झाला की थोडा सुजतो, प्लास्टिक गारठून कडक होतं, आणि मग तो बूट परत चढवायला दोन माणसं लागतात. चालताना टाच आधी टेकवा. लाकडी पायऱ्या चढताना फारसं काही होत नाही, उतरताना कठडा धरून आडवं उतरा.

हातमोजे बुखारीवर, म्हणजे खोली तापवायच्या काश्मिरी शेगडीवर, वाळत घालायचा मोह सगळ्यांना होतो. कातडी असतील तर आखडतात, सिंथेटिक असतील तर वितळतात. जॅकेटच्या आत, पोटाशी ठेवा. गॉगल कपाळावर चढवू नका, घामाची वाफ आत धरते. आतली काच पुसूही नका, वाफ न धरण्यासाठी दिलेला थर निघून जातो.

आता खाणं. इंदुरात पाणी साधारण ९८ अंशांना उकळतं, कोंगडोरीला ९० च्या आसपास. त्यामुळे उघड्या पातेल्यातला भात कणी राहतो आणि चहा आपल्या जिभेला फिका लागतो. राजमा कुकरमधला असेल तर उत्तम, पण पहिला घास घेण्याआधी एक दाणा बोटांत दाबून बघा. सहज पिठूळ झाला तर खा. मधे टणक लागला तर ताट परत करा: अर्धकच्चा राजमा पोट उलटवतो, आणि तेव्हा खाली जायला गोंडोलाची रांग असते. मॅगीच्या शेवया आधीच तळून शिजवलेल्या असतात, म्हणून तिथे फसत नाहीत. काहवा हा काश्मिरी चहा घ्याच, केशर, वेलची, दालचिनी, वर बदामाचे काप. नून चाय गुलाबी दिसली तरी खारी असते, गोड समजून घोट घेऊ नका.

अर्धं ताट जेवा, उरलेली भूक तीन वाजता भागवा. उंचीवर हवेचा दाब कमी, म्हणून पोटातला गॅसही फुगतो. हाच कमी दाब तुमच्या सेवच्या पाकिटाचा फुगा करतो. ते तोंडाशी धरून फाडलंत तर अर्धी सेव शेजारच्या टेबलावर. जीरावनची, पोह्यांवर भुरभुरायच्या मसाल्याची, पुडी तर अशा ठिकाणी उघडूच नका.

घरचं न्यायचं तर दुधात भिजवलेल्या दशम्या आणि तिळाचे लाडू, तेही आतल्या खिशात. चॉकलेट बाहेरच्या खिशात दगड होतं. पाण्याची बाटली उलटी ठेवा, बर्फ वरून धरतो आणि मग झाकण मोकळं राहतं. घरचं खायचं असलं तरी टेबल अडवताना निदान काहवा मागवावा.

बिलासाठी रोख ठेवा. मध्य प्रदेशातलं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही, म्हणजे यूपीआयही नाही. पोस्टपेड चालतं.

निघताना आधी टाच जमिनीवर दोनदा आपटून मागे बसवा, मग घोट्यावरची क्लिप, मग बाकीच्या. बुटाच्या तळव्याला चिकटलेला बर्फ काठीच्या टोकाने पूर्ण खरवडा, नखाएवढा गोळासुद्धा ठेवू नका. बाइंडिंगमध्ये टाच दाबल्यावर खट्ट आवाज आला पाहिजे. नुसताच मऊ दबला, तर बूट बसलेला नाही. पाय काढा, पुन्हा खरवडा.