पोळी कापली, श्रीखंड वाचवलं

मधुमेह झालाय म्हटल्यावर लोक दोन गोष्टी हमखास देतात. एक सल्ला, आणि दुसरं गुळाचं काहीतरी. "घ्या हो काका, साखरेचा कणही नाही, सगळं गुळातलं आहे." ठाण्याच्या नौपाड्यातल्या आमच्या इमारतीत संक्रांत ते होळी हे वाक्य मी इतक्या दारांत ऐकतो की समोरचं तोंड उघडायच्या आत मला ते कळतं. हेतू चांगलाच असतो, पण गूळही त्या उसाच्याच रसाचा. थोडं लोह, थोडे क्षार जास्त, बाकी बहुतेक साखरच. खजुराच्या लाडवांचं तेच. खजुराच्या वजनात निम्म्याहून जास्त साखर असते, वरून घालायची गरजच पडत नाही म्हणून "नो शुगर". मधाची कथा वेगळी नाही.

आणि ते "शुगर फ्री" खोके. दिवाळीत एका भाच्याने प्रेमाने आणलं होतं. बारीक अक्षरांत माल्टिटॉल लिहिलेलं. साखरेऐवजी घालतात तो हा पदार्थ शरीरात पूर्ण शोषला जात नाही, त्यामुळे रक्तातली साखर त्याने कमी चढते हे खरं, पण चढते. उरलेला आतड्यात जाऊन गॅस करतो. चार वड्यांनंतर रात्रभर पोट गुरगुरत होतं, आणि चव म्हणाल तर काजू कतलीची आठवण येईल इतपतच. मिठाई खाऊन मिठाईचीच आठवण यावी, यात कसलं सुख?

माझा व्यवसाय हिशेबाचा. एका चार्टर्ड अकाउंटंटच्या कार्यालयात वह्या सांभाळण्यात तीस-एक वर्षं गेली. त्यामुळे एचबीए१सी ६.९ आलं आणि डॉक्टर म्हणाले, "आधी खाण्यापिण्यावर बघू, तीन महिन्यांनी पुन्हा काढा," तेव्हा मी घरी येऊन पहिल्यांदा एक कोरी वही काढली. ही चाचणी रक्तातल्या साखरेची साधारण मागच्या तीन महिन्यांची सरासरी सांगते. ६.५ आणि त्यापुढे गेलं की मधुमेह. सरासरी म्हटल्यावर माझ्यासारख्याला लगेच दिसतं की पाडव्याचं श्रीखंड ही किरकोळ नोंद आहे. रोज लागणाऱ्या नोंदी कुठल्या ते आधी बघायला हवं.

तर माझी सगळ्यात मोठी रोजची नोंद निघाली चहा. दिवसाला चार कप, प्रत्येकात दोन चमचे. चमच्यात पाच ग्रॅम धरले तरी चाळीस ग्रॅम साखर, आणि त्यातल्या तीन कपांची चव मला आठवतसुद्धा नव्हती. फाइल बघता बघता कप रिकामा. शिवाय त्याच्याबरोबरचं बिस्कीट. ज्यात जिभेला काही मिळतच नाही त्यावर एवढा खर्च कशाला? चहा बिनसाखरेचा केला. पंधरवडाभर तोंड वाकडं झालं, मग सवय झाली. आता कोणी गोड चहा दिला तर तो पाकासारखा लागतो.

तिथे वाचलं ते मी श्रीखंडाला देतो. पण वरकड म्हणून नाही, जेवणातलं काहीतरी उठवून. मध्यम पोळीला तीस ग्रॅम कणीक लागते, म्हणजे वीसेक ग्रॅम कर्बोदकं. मोठी वाटीभर भात म्हणजे जवळजवळ दोन पोळ्या. श्रीखंड पानात आलं की एक पोळी जाते आणि भात येतच नाही. पुऱ्या तर नाहीतच. आमच्या मातोश्री, वय ८२, साखर ठणठणीत, त्यांचं म्हणणं की श्रीखंड पोळीशी खायचं असतं, नुसतं चाटायचं नसतं. आई, एका पोळीशी खातोय की.

श्रीखंड मात्र घरचं. पूर्वीच्या मापाने चक्का जितका तितकीच साखर. मी अर्ध्या किलो चक्क्याला दीडशे ग्रॅम घेतो. आता कोणी म्हणेल, मग ते आंबट नाही का लागत? लागतं, दही आंबट असेल तर. साखर कमी करायची तर सुरुवात दह्यापासून करावी लागते. ताजं, जेमतेम लागलेलं दही घ्यायचं, आणि आमच्याकडे पूर्वी बांधायचे तसं पंचात बांधून रात्रभर स्वयंपाकघरातल्या नळाला टांगायचं नाही. ठाण्याच्या एप्रिलात ते सकाळपर्यंत आंबून बसतं. पातेल्यावर चाळण, चाळणीत पंचा, त्यात दही, वर ताटली, आणि सगळं फ्रिजमध्ये. पाणी हळूहळू गळतं, पण चक्का गोडसर राहतो. मग साखर मिसळून पुरणयंत्रातून काढायचा, केशर, वेलदोडा, आणि जायफळ जरा सढळ हाताने. जायफळामुळे कमी साखर लक्षात येत नाही, असं माझं मत आहे. बायकोला हे मान्य नाही. ती म्हणते, लक्षात येतं, पण कोणी बोलत नाही. दोन मोठे चमचे भरून घेतले तर साखर अकरा-बारा ग्रॅम होते, शिवाय चक्क्यातली प्रथिनं आणि स्निग्धांश असल्यामुळे ती रक्तात एकदम धावत सुटत नाही.

आंब्याचा प्रश्न जास्त नाजूक. मे महिन्यात जांभळी नाक्याच्या बाजारातून पेटी घरी आली की आमरसावाचून घर ऐकत नाही. एक वाटी रसाला दोन हापूस सहज जातात, बरोबर पुऱ्या. अशा जेवणानंतर दोन तासांनी घरच्या ग्लुकोमीटरवर २२१ दिसलं. डॉक्टरांनी मला १८० च्या आत राहायला सांगितलंय. पुढे त्याच पेटीतला एक आंबा, फोडी करून, मुगाची उसळ, कोशिंबीर आणि एक ज्वारीची भाकरी खाऊन झाल्यावर घेतला. १५८. आंबा तोच, पण एक कमी, पुऱ्या नाहीत, आणि पोटात आधी उसळ-भाजी गेलेली. तेव्हापासून मी फोडीवाला. कोय चोखायची मुभा मी स्वतःला दिली आहे, त्याची नोंद करत नाही.

जेवल्यावर झोपायचं नाही हे दुसरं. रात्री आम्ही कचराळी तलावाला फेऱ्या मारतो. चालताना पायांचे स्नायू रक्तातली साखर वापरतात, त्यासाठी पंधरा-वीस मिनिटंही पुरतात. तलावपाळीला मी मुद्दाम जात नाही. तिथे संध्याकाळी रिकाम्या पोटी कुल्फी समोर येते, आणि नुसतं गोड, बरोबर दुसरं काही नाही, हा माझ्या वहीतला सगळ्यात महागडा प्रकार आहे. सणाच्या आदल्या दिवशी पाचपाखाडीत प्रशांत कॉर्नर या मिठाईच्या दुकानाच्या गर्दीत शिरायची वेळ आलीच तर भरपेट जेवून जातो.

एक सांगायलाच हवं. माझ्या एका मित्राला इन्सुलिन चालू आहे. माझं बघून त्याने पोळ्या कमी केल्या, सुईचा डोस मात्र तोच ठेवला, आणि अंगाला घाम फुटून हात थरथरायला लागले. तेव्हा त्याला आधी साखरपाणीच द्यावं लागलं. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांनी पान बदलायच्या आधी डॉक्टरांना विचारावं. माझी वही बिनऔषधाच्या माणसाची आहे.

सत्यनारायणाच्या प्रसादाबद्दल विचाराल तर रवा, साखर, तूप सव्वाच्या मापाने. द्रोण नको म्हणतो, तळहातावर घेतो. त्याला नाही म्हणणं मला जमत नाही, आणि जमवायचंही नाही.

आता गणपती येतायत. एका मध्यम उकडीच्या मोदकात तांदळाची पिठी आणि गूळ मिळून पोळीइतकी कर्बोदकं सहज भरतात. मी दोन मोदक धरलेत, वर तूप, बरोबर वरणाची वाटी, काकडीची कोशिंबीर, ऋषीच्या भाजीसारखी एखादी पालेभाजी. भात नाही. त्यावर आईचा आक्षेप आहे. नैवेद्याच्या पानातला वरणभात नाकारायचा नसतो म्हणे. बोलणी चालू आहेत. आई वाटीवरून मुदीपर्यंत आली आहे, मी दोन घासांवर अडून आहे.