मोजे घातलेली कुर्ली: यांगचेंग तलावावरचा एक बुधवार

"काय गो, ही कुर्ली मोजे घालून इली?"

चीनमधल्या यांगचेंग तलावाकाठच्या बाचेंग गावात, एका खानावळीच्या दारात, टाकीवर ओणवी होऊन आईने विचारलं आणि मला हसू आवरेना, कारण दिसत होतं अगदी तसंच. हिरवट पाठीचा, तळहाताएवढा खेकडा आणि त्याच्या दोन्ही डेंग्यांवर काळपट तपकिरी केसांचे दाट झुबके. डेंग्यांची टोकं तेवढी उघडी. पाण्यात ते केस भुरभुरत होते, बाहेर काढल्यावर ओल्या लोकरीसारखे चापून बसले. बाळंतविड्यात टोपडं-लाळेऱ्याबरोबर ते बोटं नसलेले, नाडीने बांधायचे हातमोजे असतात ना, ते डोळ्यांपुढे आणा.

इंग्रजीतही याला मिटन क्रॅबच म्हणतात. मिटन म्हणजे हाच बाळाचा मोजा: चार बोटं एका खोलीत, अंगठा शेजारच्या खोलीत. शास्त्रीय नाव एरिओकेइर सायनेन्सिस, त्यातलं एरिओ म्हणजे ग्रीकमध्ये लोकर आणि केइर म्हणजे हात. १८५३ साली मिल्न-एडवर्ड्स या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञाने हे नाव दिलं. इथे शांघाय-सुझोऊकडे म्हणतात दा-जा-शिए. एवढा एक शब्द पाठ केलात तरी टॅक्सीवाल्यापासून स्टेशनवरच्या आजीपर्यंत सगळे तुम्हाला वाट दाखवतात.

मी नोकरीनिमित्त शांघायमध्ये राहते. आई नोव्हेंबरात तीन आठवड्यांसाठी मालवणहून आली होती. चीनची भिंत बघायची का, विचारलं तर म्हणाली, भिंत काय बघायची, इथले लोक खातात काय ते दाखव. म्हणून ही सहल.

तारीख ठरवण्यापासूनच गंमत. या खेकड्याबद्दल इथे म्हण आहे की नवव्या महिन्यात गोल पोटाचा खा, दहाव्यात टोकदार पोटाचा. महिने चांद्र, पोट म्हणजे खालचं झाकण. मादीचं गोल, नराचं निमुळतं. मी आईला हे सांगितलं तर तिने भिंतीवरचं कालनिर्णय (हो, मालवणहून आणलेलं) काढून हिशेब मांडला. चिनी महिनाही आपल्यासारखाच अमावस्येनंतर सुरू होतो, त्यामुळे त्यांचा नववा म्हणजे साधारण आपला आश्विन आणि दहावा कार्तिक. मग कार्तिकी एकादशी टाळली, सोमवार-गुरुवार-शनिवार आईचे वर्ज्य, रविवारी तलावावर गर्दी. उरलेल्यांतला मधला बुधवार धरला. तुमचे वार नसले तरी मधलाच वार धरा, आणि १ ऑक्टोबरपासूनच्या राष्ट्रीय सुट्टीच्या आठवड्यात तर तिकडे फिरकूही नका. खेकडे साधारण सप्टेंबरअखेर काढायला लागतात, पण तेव्हाचे पोकळ असतात. नोव्हेंबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात गेलात तर नर आणि मादी दोन्ही चांगले मिळतात.

या हंगामाला कारण आहे. हा खेकडा वाढतो गोड्या पाण्यात, पण वीण खाडीच्या मचूळ पाण्यात करतो. शरद ऋतू लागला की यांगत्सेच्या मुखाकडे निघायची ओढ लागते आणि त्या प्रवासासाठी अंगात सगळं साठवून ठेवतो. विणीनंतर मरतो. आपण जे खातो ती त्याची शिदोरी. हे ऐकून आई क्षणभर गप्प झाली, मग म्हणाली, "म्हणान भरलेली आसतली."

शांघायच्या होंगछियाओ स्टेशनवरून कुनशान साउथला वेगवान रेल्वेने वीसेक मिनिटं लागतात. तिथून टॅक्सीने अर्ध्या तासात बाचेंग, तलावाच्या पूर्व काठावरचं गाव. नकाशात 'यांगचेंग तलाव' नावाचंच स्टेशन दिसेल, पण तिथे गाड्या कमी थांबतात आणि ते दक्षिणेला आहे, नावाला भुलू नका. पैसे वाचवायचे असतील तर शांघायच्या ११ नंबर मेट्रोने हुआछियाओपर्यंत जाऊन सुझोऊच्या ११ नंबर मेट्रोत बसता येतं. जून २०२३ पासून त्या दोन्ही जोडल्या आहेत. पण वेळ फार जातो, आणि म्हातारं माणूस बरोबर असेल तर नको. रेल्वेचं तिकीट पासपोर्टवरच निघतं आणि पासपोर्टच दाखवून आत सोडतात. पासपोर्टवाल्यांची रांग माणूस बसलेल्या फाटकाकडे असते, यंत्राच्या फाटकात धडपडू नका. आणि चीनची ती दहा दिवसांची बिनव्हिसा ट्रान्झिट सवलत भारतीय पासपोर्टला नाही. व्हिसा आधी काढूनच या.

आता थंडी. यांगत्सेच्या दक्षिणेला सरकारी केंद्रीय हीटिंग नसतं, ते उत्तरेत. त्यामुळे बाहेर दहा अंश तर खानावळीतही फार वेगळं नाही. लोक कोट घालूनच जेवतात. दमट गारठा बोटांत शिरतो. मी आईसाठी लोकरीचे पाच बोटांचे मोजे घेतले होते, तेवढ्याने भागेना. चार बोटं एकत्र असली की एकमेकांना ऊब देतात, सुटी झाली की प्रत्येकाला वेगळा वारा लागतो. पण बोटं बांधली की फोन चालत नाही, आणि इथे सगळे पैसे फोनवरून. (अलीपे किंवा वीचॅटला आपलं व्हिसा-मास्टरकार्ड जोडता येतं.) शेवटी बाजारातून बोटांची टोकं उघडी आणि वरून टोपी ओढून घेता येणारे मोजे घेतले. तेच घ्या.

बाचेंगच्या रस्त्यावर आईला खेकड्यांइतकीच आवडलेली गोष्ट म्हणजे विजेच्या स्कूटरी. हिवाळ्यात त्यांच्या पुढे अख्खी रजई बांधतात आणि तिलाच हँडलच्या जागी दोन मोठे मोजे शिवलेले असतात. चालवणारा त्यांत हात खुपसून बसतो. फुलाफुलांच्या छापाची रजई पांघरलेला पोलीस बघून ती भर रस्त्यात थांबली.

खरेदीत मात्र आई माझी गुरू निघाली. खरा यांगचेंगचा म्हणून डेंग्यात प्लास्टिकची कडी अडकवतात, तिच्यावरचा कोड फोनने तपासता येतो. पण कड्याही बाजारात मिळतात, आणि दुसऱ्या तळ्यातले खेकडे काही दिवस इथल्या पाण्यात सोडून इथले म्हणून विकायचा धंदा इतका जुना आहे की त्याला नावच पडलंय: 'आंघोळ केलेले खेकडे'. पाणी स्वच्छ राहावं म्हणून तलावातली जाळ्यांची शेती सरकारने टप्प्याटप्प्याने खूप कमी केली, त्यामुळे खरा माल मोजका आणि नाव मोठं. इथले जाणकार चार खुणा सांगतात: पाठ हिरवी, पोट पांढरं, नख्या सोनेरी, पायांवरचे केस पिवळे. आईने यातलं काही ऐकून घेतलं नाही. तिने खेकडा उचलून तळहातावर जोखला, मागच्या पायाचं पेर दोन बोटांत दाबलं, डोळ्याजवळ बोट नेलं आणि त्याने डोळा झटकन आत घेतल्यावरच बाजूला ठेवला. पेर दबलं तर आत पाणी. विकणारी बाई आधी कपाळाला आठ्या घालून बघत होती, तिसऱ्या खेकड्याला तिने आईला स्वतःचे रबरी मोजे देऊ केले. आईने नकोच म्हटलं. मोज्यातून पेर कळत नाही.

खेकडे जाड दोरीने बांधलेले असतात आणि ती दोरी पाणी पिऊन जड होते. मागच्या वर्षी एका दुकानात मी दोरीचेही खेकड्याच्या भावाने पैसे मोजले होते. वजन दोरीशिवाय करायला सांगा, नाहीतर निदान बारीक सुतळीत बांधलेला घ्या. वजन लिआंगमध्ये सांगतात. एक लिआंग म्हणजे पन्नास ग्रॅम. चार लिआंगचा नर आणि तीन लिआंगची मादी ही रास्त जोडी. त्याहून मोठा घेतलात तर तो पैशाचा दिखावा. आणि मेलेला खेकडा फुकट दिला तरी घेऊ नका, तो फार लवकर विषारी होतो.

खानावळीत तो तुमच्यादेखत पोट वर करून वाफवतात, म्हणजे लाख (पाठीखालचा तो अंड्यांचा मऊ गाभा) ओघळत नाही. पंधरा-वीस मिनिटं. मसाला शून्य. बरोबर आलं घातलेला काळा झेनजियांग व्हिनेगर आणि कोमट केलेली शाओशिंगची तांदळाची दारू. त्यांच्या वैद्यकात खेकडा थंड, आलं उष्ण, म्हणून शेवटी गूळचट आल्याचा चहाही येतो. आईला हे सगळं पटलं, फक्त तिरफळ नाही, खोबरं नाही, याचं दुःख शेवटपर्यंत राहिलं.

मग वेटरने पातळ प्लास्टिकचे मोजे आणि 'खेकड्याची आठ हत्यारं' आणून ठेवली: इवलासा हातोडा, कुऱ्हाड, चिमटा, सुई, चमचा वगैरे, सोनाराच्या पेटीसारखी. सुझोऊची जुनी चैन. मी मोजे घातले, दोन मिनिटांत त्यांत वाफ धरली, बोटं घसरायला लागली, एक काटा टोचून मोजा फाटला आणि व्हिनेगर आत. आईने दोन्ही बाजूला सारलं. तिची पद्धत: आधी पाय मोडून बशीत थंड व्हायला ठेवले. पाठीचं कवच उचकटून कल्ले, मधली जठराची पिशवी आणि काळा दोरा काढून टाकला. मग गरम आहे तोवर मधला भाग. मादीत नारिंगी, घट्ट, उकडलेल्या अंड्याच्या बलकासारखी लाख. नरात पांढरट, चिकट, ओठाला ओठ चिकटवणारं काहीतरी, ज्याला मालवणीत शब्द नाही. तोवर पाय थंड होऊन मांस आक्रसलं होतं. पायाच्याच बारीक टोकाने तिने जाड पेरातलं मांस ढकललं, ते अख्खं बाहेर आलं. शेजारच्या टेबलावरचे आजोबा हेच करत होते, त्यांच्यापुढेही हत्यारं तशीच पडून. दोघांनी एकमेकांकडे बघून मान हलवली.

काढून टाकलेल्या त्या पिशवीत म्हणे फाहाय नावाचा भिक्षू बसलेला असतो. श्वेतनागिणीच्या लोककथेत तो दोन प्रेमिकांची ताटातूट करतो आणि मग जीव वाचवायला खेकड्याच्या पोटात लपतो. बरोबर चिनी मित्र असला तर तो ती पिशवी उलटी करून आतला बसलेला भिक्षू दाखवतोच. मला आजवर दिसलेला नाही.

एका खेकड्याला पाऊण तास लागतो. मांस थोडं, काम फार. मालवणच्या खाडीतल्या मोठ्या कुर्लीची सवय असेल, ताटभर रस्सा आणि भात हवा असेल, तर इथे पैसे आणि वेळ घालवू नका. हे लाखेसाठीच आहे आणि निवांतपणे. माणशी दोन, एक नर एक मादी, बास. ज्यांना धीर नाही त्यांनी सुझोऊ शहरात खेकड्याच्या लाखेच्या नूडल्स खाव्यात, फक्त ती लाख बहुतेक ठिकाणी डुकराच्या चरबीत परततात आणि खेकड्याच्या शियाओलोंगबाओमध्येही (वाफवलेले, मोमोसारखे) डुकराचं मांस असतं, हे विचारूनच. दारूत मुरवलेला कच्चा खेकडा कितीही आग्रह झाला तरी नको. फुफ्फुसात घर करणारा एक कृमी याच जातीच्या खेकड्यातून माणसात जातो आणि दारूने तो मरत नाही.

जिवंत खेकडे भारतात न्यायचा विचारही करू नका, आईने केला होता. १९१२ मध्ये हा खेकडा जर्मनीतल्या नदीत पहिल्यांदा सापडला, पुढे थेम्समध्ये, १९९०च्या दशकात सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीत. सगळीकडे काठ पोखरतो, जाळी फाडतो. युरोपात त्याला उपद्रवी ठरवलंय. एक बादली उलटी झाली की संपलं.

जेवण झाल्यावर चहाच्या गार पाण्याने हात धुवायला वाटी देतात, वास जाण्यासाठी. पूर्ण जात नाही. बाहेर अंधार पडला होता, तलावावरून बोचरा वारा, आणि आईने तेच हात लोकरीच्या मोज्यांत घातले. म्हणून सांगते, मोज्यांचे दोन जोड न्या, एक जाताना, एक येताना. परवा फोनवर मालवणहून म्हणाली, "तीन वेळा धुतलंय, अजून मोज्यांका कुर्ल्यांचो वास येता. मांजर घेऊन झोपता."