राग 'वर' की राग 'सोबत'?

"आई, 'अँग्री ऑन मी' चूक कसं?"

लेकीनं वही समोर धरली. 'ऑन'भोवती लाल गोल, वर बारीक अक्षरात 'विथ'. मी म्हटलं, इंग्रजीत तसंच म्हणतात गं.

"पण विथ म्हणजे सोबत ना? मैत्रीण माझ्यासोबत बोलतच नाहीये, म्हणून तर लिहिलं!"

मला उत्तरच सुचेना. दिवसभर तेच डोक्यात. आपल्याकडे राग माणसावर, प्रेमही माणसावर, विश्वासही माणसावरच. एकच 'वर' सगळं पेलतो. इंग्रजीत राग 'विथ', प्रेम 'फॉर', विश्वास 'इन'. शिवाय आपला 'वर' नामाला मागून चिकटतो, त्यांचा 'ऑन' नामाच्या आधी सुटा उभा.

आणि मग अचानक दोन्ही भाषा अगदी जुळतात! 'ऑन टाइम' म्हणजे वेळेवर, 'इन टाइम' म्हणजे वेळेत. ऑनला वर, इनला आत. हे जुळलेलं पाहून मला फार आनंद झाला.

रात्री तिला एवढंच सांगितलं की 'अँग्री विथ' हे जोडीनंच पाठ कर, सुटं भाषांतर नको. तिनं मान डोलावली, पण तो लाल गोल मात्र खोडरबरानं पुसत बसली.

तिनं मराठीतून नीट विचार करूनच लिहिलं होतं. त्याला नुसती चूक म्हणायचं का?