फ्रीबीएसडीवर स्टॅटिक आयपी टाकला, पण गेटवे उत्तरच देईना – माझा अनुभव

अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचं टॉवेलचं युनिट आहे, तिथल्या जुन्या पीसीवर फ्रीबीएसडी (लिनक्ससारखीच फुकटची ऑपरेटिंग सिस्टीम) टाकून त्यालाच राउटर करायचं ठरवलं. सेटिंग काही अवघड नाही, आरसी डॉट कॉन्फ या सेटिंगच्या फाईलमध्ये दोन नेटवर्क कार्डांच्या दोन ओळी, डिफॉल्ट राउटरची (म्हणजे नेटवाल्यांकडचा गेटवे, जिथून नेट बाहेर जातं) एक, झालं. कार्डांची नावं बघून लिनक्सवाल्यांनी गोंधळू नका, इथं नाव ड्रायव्हरवरून पडतं, इंटेलचं ईएम-झिरो, बोर्डवरचं रिअलटेक आरई-झिरो.

खरा ताप पुढं. कार्डाची स्थिती दाखवणाऱ्या आयएफकॉन्फिग कमांडमध्ये स्टेटस ॲक्टिव्ह, आयपी बरोबर, मास्क 255.255.255.252, आणि गेटवेला पिंग मारला की 'होस्ट इज डाऊन'. नेटवाल्यांच्या ऑफिसात गेलो तर काउंटरवरचा पोरगा म्हणतो, "मालक, लाईट हिरवी आहे ना, मग आमच्याकडनं ओके आहे, तुम्ही विंडोज टाकून बघा." अहो, हिरवी लाईट म्हणजे वायर आणि पोर्ट जुळलं एवढंच, आणि विंडोज टाकलं तरी कार्ड तेच राहणार ना! पण ऐकून कोण घेतंय.

मग लाईनवरनं काय जातंय-येतंय ते दाखवणारा टीसीपीडंप लावला. आमचं मशीन सारखं विचारतंय, गेटवेचा आयपी कुणाकडं आहे, आणि पलीकडनं एक उत्तर नाही. एआरपीच्या टेबलात (कुठला आयपी कुठल्या कार्डाचा याची नोंद) गेटवेसमोर 'इनकम्प्लीट'. म्हणजे राउटिंग, डीएनएस, फायरवॉल यांचा संबंधच नाही, त्याच्या आधीच गाडी अडली. जुना राउटर लावला की तीच वायर, तोच आयपी, नेट सुरू! फरक राहिला फक्त मॅक ॲड्रेसचा (प्रत्येक नेटवर्क कार्डाचा स्वतःचा नंबर), त्यांनी लाईन जुन्या राउटरच्या मॅकला बांधून ठेवलेली आणि हे एका शब्दानं कुणी सांगितलं नाही. परत गेलो तर आता डिव्हाइस बदलाचा फॉर्म भरा, जीएसटीची झेरॉक्स आणा, कंपनीचा शिक्का मारा, मग साहेब जेवायला गेलेत. अरे तुमच्या स्क्रीनवर एक मॅक खोडून दुसरा टाकायचाय, आणि इकडं आमची बिलं अडकलीत!

शेवटी फॉर्मची वाट न बघता आयएफकॉन्फिगला ईथर देऊन ईएम-झिरोवर जुन्या राउटरचा मॅक टाकला आणि पिंगला लगेच उत्तर आलं, काय बरं वाटलं म्हणून सांगू! मॅक राउटरच्या स्टेटस पेजवरून वॅनचाच (नेटवाल्यांच्या बाजूचा) घ्या, खालच्या स्टिकरवरचा बऱ्याचदा लॅनचा (आतल्या बाजूचा) असतो. तीच ओळ ईटीसीमधल्या स्टार्ट-इफ डॉट ईएम-झिरो फाईलमध्ये ठेवली (स्टार्ट आणि इफच्या मध्ये अंडरस्कोर) की रीबूटनंतरही टिकते. जुना राउटर मात्र त्या लाईनवर परत जोडू नका, एकाच मॅकचे दोघं झाले की दोघंही लटकतात.

हां, आणि स्टॅटिक आयपी घेतानाच लेखी विचारून घ्या की मॅक बांधताय का आणि बदलायचा तर कोण बदलतं.

अजून एक राहिलं, कार्डांची सेटिंग परत लावायला सर्व्हिस नेटइफ रीस्टार्ट दिलं की डिफॉल्ट राउट उडतो, लगोलग सर्व्हिस राउटिंग रीस्टार्ट पण द्या, आणि हे घरून एसएसएचवरनं (लांबून लॉगिन करून) करू नका, मशीनसमोर बसूनच करा.